प्राप्तीच्या परीक्षेला कोळीवाडा गप्प बसला

अलिबागहून रिक्षात घालून ते पुस्तक आणलं तेव्हा रिक्षा चौलपासूनच डाव्या अंगाला कलली होती, असं रिक्षावाला शुभम शपथेवर सांगतो. शुभमच्या शपथेचं सोडा, पण पुस्तक मी स्वतः उचलून पाहिलंय. त्याच्यापुढे बोटीचा नांगर हलका म्हणावा. ते चांगदेवच्या ओट्यावर ठेवलं, तशी ओट्याखाली झोपलेली मांजर उठली आणि कायमची पलीकडच्या आळीत राहायला गेली.

चांगदेव म्हणजे आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला एके काळचा तांडेल, बोटीवरचा म्होरक्या. गेल्याच्या गेल्या होळीनंतर बोटीवरच त्याला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. आता तो आतल्या खोलीत खाटेवर असतो, आणि काही हवं असलं की डाव्या हाताने स्टीलची वाटी खाटेच्या दांड्यावर वाजवतो. त्याची बायको नीराबाई मासळी विकते. मुलगी प्राप्ती कॉम्प्युटरवर काम करते. पुस्तक तिचं.

हे काम काय, ते मला समजलं तसं सांगतो. अमेरिकेत माणूस इस्पितळातून घरी गेला की त्याच्या मागोमाग नर्स घरी येते. जखम धुते, सुई देते, चालायला शिकवते. ती जे पाहते ते लिहिते, आणि ते वाचून रेवदंड्यात बसलेली आमची प्राप्ती त्यातल्या एकेका दुखण्याला नंबर लावते. नंबर बरोबर लागला तर तिकडचा विमा मान डोलावतो आणि नर्स पुन्हा येते. चुकला, तर माणूस दाराकडे डोळे लावून बसून राहतो. जगातल्या सगळ्या दुखण्यांचे नंबर त्या पुस्तकात आहेत. सगळ्या म्हणजे सगळ्या.

नवी मुंबईतल्या तिच्या कंपनीने आता फर्मान काढलं होतं. घरसेवेच्या कोडिंगची, म्हणजे या नंबर लावण्याची, मोठी परीक्षा जो पास होईल, त्यालाच घरून काम. बाकीच्यांनी ऑफिसात येऊन बसायचं. ऑफिस खाडीपलीकडे, डोंगरापलीकडे, हायवेच्याही पलीकडे. म्हणजे तिथंच खोली घेऊन राहायचं. मग नीराबाई बाजारात गेल्यावर चांगदेवची वाटी ऐकायची कोणी? प्राप्ती तोंडाने काही बोलत नसे, पण पुस्तक उघडून बसली की तिचा एक कान आतल्या खोलीकडेच असायचा.

मी ओट्यावर जाऊन बसायला लागलो तो खरं तर पुस्तकाची खोड मोडायला. सगळी दुखणी एका पुस्तकात मावतात, हे मला पटत नव्हतं. समुद्रावर माणसाला काय काय होतं ते अमेरिकेला काय माहीत? पहिल्या दिवशी मी बाळाजीची गोष्ट काढली. बाळाजीच्या कपाळावर पाण्यातून उडालेली सुरमई अशी आदळली होती, की तो आठवडाभर बायकोला सुरमई म्हणून हाक मारत होता, आणि गंमत म्हणजे ती ओ देत होती. प्राप्तीने ऐकून घेतलं, चार पानं उलटली आणि म्हणाली, "माशानं धडक दिली. डब्ल्यू छप्पन पॉइंट पाच दोन. चावला असता तर पाच एक."

माझा विश्वास बसेना. तिने ओळीवर बोट ठेवून दाखवलं. मासा चावला तर वेगळा नंबर, आदळला तर वेगळा. शार्कचे निराळे, देवमाशाचे निराळे.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याबाहेर आलो. म्हटलं, बोर्ली पंचतनच्या बाजारात एकाला बदकाने धडक दिली आणि तो थेट टोमॅटोच्या ढिगात जाऊन बसला. प्राप्ती हसली नाही. बदक चावलं, बदकाने धडक दिली, बदकाशी इतर प्रकारे संबंध आला, असे तीन नंबर तिने मला वाचून दाखवले. इतर प्रकारे म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. पोरीबाळींसमोर काही गोष्टी विचारू नयेत.

मग मी जमीन पण सोडली. एक माणूस आकाशात इतका वर गेला की त्याचं वजनच संपलं, आणि खाली येईना. यालाही नंबर निघाला. वजन नसलेल्या जागी फार काळ राहणे. त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी मनाशी ठरवून शेवटचा फासा टाकला: एक जण विमानाच्या इंजिनात ओढला गेला.

प्राप्तीने पान काढलं. इंजिनात ओढला गेला, तो नंबर होताच. पण तिने त्याच्या शेवटच्या अक्षराकडे माझं लक्ष वेधलं. अपघात नुकताच झालाय आणि मुख्य इलाज चालू आहे, तर शेवटी ए. इलाज होऊन माणूस सावरतोय, तर डी. सगळं होऊन गेल्यावर अंगात जे मागे राहतं, त्याला एस. घरी नर्स जाते ती बहुतेक करून डी नाहीतर एसवाल्याकडे.

मी पुस्तक मिटून त्याच्या पाया पडलो. खोटं सांगत नाही, नीराबाईने पाहिलंय. मी माझा माणूस इंजिनात घातला असता तर तिथंच संपवला असता. ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे झाले की माझं काम झालं. पण हे पुस्तक लिहिणारे त्याला इंजिनातून काढतात, इस्पितळात नेतात, घरी आणून खाटेवर निजवतात, आणि मग तो कसा आहे बघायला नर्स पाठवतात. एवढी दूरवर नेलेली गोष्ट मी जन्मात कधी ऐकली नव्हती.

त्या दिवसापासून खोड मोडायचं राहिलं. मी रोजचा रुग्ण झालो. प्राप्ती सांगे, आबा एक माणूस द्या. मी देई: साखर वाढलेला, हृदयाच्या झडपा गळणारा, फुप्फुसात पाणी झालेला, आणि वर मागच्या आठवड्यात माडावरून पडून मांडी मोडलेला. ती नंबर लावी. एकदा मी म्हटलं की याला बहुतेक मूतखडाही असावा. तर तिने पेनच खाली ठेवलं. घरसेवेत 'बहुतेक' आणि 'असावा' चालत नाही. डॉक्टरने नक्की सांगितलं असेल तेवढंच. बदकापासून अंतराळापर्यंत सगळं खपवून घेणारं पुस्तक, आणि माझा एक खडा त्याला चालेना.

नंबर तिला पाठ झाले होते. अडत होतं दुसरीकडेच. सरावाच्या प्रत्येक पेपरात एका जागी तिचे गुण जायचे. घरसेवेत सगळे नंबर लावून झाले की त्यांतला एक सगळ्यांच्या वर ठेवायचा असतो, बाकीचे त्याच्याखाली. प्राप्ती हृदय वर ठेवी, कॅन्सर वर ठेवी, मूत्रपिंड वर ठेवी. आणि उत्तरात भलतंच काहीतरी क्षुल्लक वर असे. ती चिडायची. एवढं मोठं दुखणं सोडून हे काय वर घातलंय म्हणायची.

मला तिची चूक कळत नव्हती, पण कुठून आली ते दिसत होतं. समोर अंगणात नीराबाई पाटी भरत होती. तळाला मांदेली, मध्ये बांगडे, आणि सगळ्यांच्या वर, डोळा गिऱ्हाइकाकडे करून, आजचा सगळ्यात मोठा हलवा मासा. आमच्याकडे मुलगी चालायला लागली की आधी हे शिकते. प्राप्ती आईशेजारी बसून पाट्या भरतच वाढली होती. तिच्या हातांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

ती गाठ सुटली ते एका मंगळवारी. चांगदेवच्या उजव्या टाचेला पडून पडून जखम झाली होती, आणि तिची पट्टी बदलायला जागृती सिस्टर स्कूटरवरून येत असे. आली की नीराबाईचा पाणउतारा करायची, की पाय उशीवर का नाही, कूस का बदलत नाही. नीराबाई, जिचा आवाज खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याला आपटून परत येतो, ती सिस्टरपुढे मांजर व्हायची. त्या दिवशी प्राप्ती बापाचा पाय धरून बसली होती, आणि तिने मध्येच विचारलं, "सिस्टर, तुम्ही आमच्याकडं कशासाठी येता?"

"टाचेसाठी. दुसरं कशासाठी?"

"बाबांना झटका आलाय, तो?"

"तो येऊन गेला. तो काय मी पुसून काढणार हाय का?" सिस्टर पट्टीची गाठ मारत म्हणाली. "मी टाच बरी करायला येते. पाय नीट धर."

प्राप्तीने पाय नीट धरला, पण बाकीची ती तिथं नव्हती. सिस्टर गेल्यावर तिने आपल्या बापालाच रुग्ण केलं. वर टाच, नर्स जिच्यासाठी येते ती. तिच्याखाली झटक्याने मागे ठेवलेलं सगळं. तिथं पुस्तकाने तिला आणखी एक गोष्ट विचारली. उजवी बाजू लुळी, तर हा माणूस उजव्या हाताचा होता की डावरा? ज्या हाताने जेवायचा तो गेला, की दुसरा? दोन्हींचे नंबर वेगळे. मी चांगदेवकडे पाहिलं. उभ्या कोळीवाड्यात हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. ज्या हाताने तो जाळं फेकायचा तोच त्याचा गेला होता, आणि सातासमुद्रापलीकडच्या कुणीतरी त्यासाठी जागा करून ठेवली होती. प्राप्तीने तो नंबर अगदी सावकाश लिहिला.

मग परीक्षा आली, आणि आमच्या लोकांनी ती बुडवली.

परीक्षा घरीच द्यायची होती, आणि निकालही तिथंच पडद्यावर लगेच कळणार होता. कॉम्प्युटरचा कॅमेरा चालू, आणि कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठल्यातरी देशात बसलेला एक पहारेकरी. जवळ छापील पुस्तक चालतं, पण खोलीत दुसरं माणूस चालत नाही, बोलणं चालत नाही. दार बंद पाहिजे. नीराबाई अलिबागला गेली होती, मी चौलला न्हाव्याकडे. प्राप्तीने बापाला पाणी पाजलं, त्याची वाटी काढून ठेवली, पुढचं दार लावलं आणि बसली.

आता आमच्या कोळीवाड्यात दिवसाढवळ्या घराचं दार कुणी लावत नाही. रात्री निजताना लावतात ते लावतात. दिवसा दार लागलेलं दिसलं, आणि त्यात आत खाटेवर माणूस असेल, तर त्याचा अर्थ एकच. सोनूबाई टोपली घेऊन जात होती. तिने बंद दार पाहिलं, कान लावला, आत सामसूम. तिने टोपली खाली ठेवली आणि सूर काढला. सोनूबाईच्या सुराला अख्खी आळी धावली. पुढचं दार उघडेना, म्हणून सगळे मागीलदाराने आत शिरले. चांगदेवने एवढी माणसं रडताना पाहिली, आणि नक्की गेलं कोण ते बघायला मान वळवली. बायकांना वाटलं प्राण जाता जाता मान कलली. त्यांनी सूर आणखी चढवला, आणि सोनूबाईने पुढच्या खोलीत घुसून प्राप्तीला छातीशी कवटाळलं.

पहारेकऱ्याने आपल्या पडद्यावर हे सगळं पाहिलं. परीक्षा रद्द.

मी चौलहून परतलो तर बाळाजी बांबू घेऊन येताना भेटला. मला पाहून रडू लागला. आम्ही दोघं गळ्यात गळा घालून आत गेलो, तर चांगदेव सोनूबाईच्या हातून चहा पीत होता.

कंपनीतल्या रचना मॅडमना प्राप्तीने सगळं खरं खरं कळवलं. मॅडम म्हणाल्या, असं कारण मी आजवर ऐकलं नाही, म्हणून खरं मानते. एक संधी आणखी. ती गेली तर पुढच्या महिन्यापासून ऑफिसात.

प्राप्ती कुणाला काही बोलली नाही. तेच लोकांना सोसवेना. ती आपली पुन्हा ओट्यावर पुस्तक घेऊन बसली, आणि समोरून जाणारा प्रत्येक जण मान खाली घालून जाऊ लागला. शेवटी सोनूबाईनेच सगळ्यांना देवळात बोलावलं. तिने सांगितलं, की पोरीची परीक्षा आपण मोडली, आता पोरीची परीक्षा आपण राखायची. बाळाजीने विचारलं, राखायची म्हणजे काय करायचं? सोनूबाई म्हणाली, "काय न्हाय करायचं. परीक्षेच्या दिवशी कोणी काय म्हंजे काय न्हाय करायचं. त्वांड बंद."

हा कोळीवाडा कधी गप्प बसला असेल असं तुम्हाला वाटतं का? इथं माणसं झोपेतसुद्धा लिलाव बोलतात. पण त्या दिवशी पाहिलं ते सांगतो.

पहाटेच कोंबडे एका होडीत भरून कोर्लईला पाहुणे म्हणून पाठवले. देवळाच्या घंटेला रुमाल गुंडाळला. कुत्र्यांपुढे सुक्या बोंबलांचा एवढा ढीग टाकला की त्यांना भुंकायला तोंड रिकामं मिळेना. शुभमने रिक्षा नाक्यापासून ढकलत आणली, आत बसलेल्या गिऱ्हाइकासकट. बर्फाच्या कारखान्याने बर्फ फोडायचं यंत्र बंद ठेवलं. समुद्राला कुणी सांगायला गेलं नव्हतं, पण तोही ओहोटी लागून चिखलाच्या पलीकडे जाऊन बसला.

दाराचं काय करायचं, हा मोठा पेच होता. दार तर लावायलाच हवं, आणि गावाबाहेरून मासळी घ्यायला येणाऱ्यांना आतली गोष्ट ठाऊक नाही. तो नीराबाईने सोडवला. लग्नाला जायचं हिरवं लुगडं नेसली, अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं घातलं, अंबाड्यावर अबोलीची वेणी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि बंद दारापुढे ओट्यावर पाय सोडून बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला लांबूनच दिसावं की या घरातला धनी हयात आहे. कुणी काही विचारायला तोंड उघडलं की ती फक्त बोटाने कुंकू दाखवायची.

मला चांगदेवजवळ बसायचं होतं. वाटी काढून घेतलेली, म्हणून त्याला काही हवं असेल तर त्याने माझा हात दाबायचा. ही जागा मला सोनूबाईने दिली. म्हणाली, "तुला गप बसवायचं तर मुक्याशेजारीच बसवला पायजे."

पलीकडच्या खोलीत प्राप्ती बसली. मधलं दार लागलं.

पहिला काही वेळ मला वाटलं माझी जीभ सुजणार. हे सांगू की ते सांगू, असं तोंडात सगळं साचत गेलं. चांगदेव माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत मला सगळं वाचता येत होतं, आणि इतके दिवस मी त्याच्या खाटेशी बसून फक्त बोललोच होतो. त्याच्याही तोंडात असंच साचत असेल, होळीपासून, हे माझ्या आता लक्षात आलं. त्याने माझा हात दाबला. मी पाणी पुढे केलं. नको होतं. त्याला उठून खिडकीतून बाहेर बघायचं होतं. मी त्याला टेकवून बसवलं.

खिडकीतून बंदर दिसतं. तेवढ्यात परतणाऱ्या भरतीबरोबर परेशची बोट आली. परेश तीन-चार रात्री बाहेर होता. त्याला बिचाऱ्याला यातलं काही माहीत नाही. बोट घोळ माशांनी अशी भरलेली की कडा पाण्याला टेकलेल्या. एवढी मासळी मिळाली की आमच्याकडे खाडीच्या तोंडापासून भोंगा वाजवत, आरोळ्या देत येतात. परेशने भोंग्याला हात घातला मात्र, आणि त्याला दिसलं काय, तर धक्क्यावर अख्खा कोळीवाडा उभा, आणि प्रत्येक जण तोंडावर हात ठेवून दुसऱ्या हाताने नको नको म्हणतोय. त्याने इंजिन बंद केलं. बोट आपल्या वेगाने तरंगत आली, पिंजलेल्या कापसासारखी धक्क्याला लागली.

मग लिलाव झाला. मी लिलाव खूप पाहिले आहेत, पण हा पाहताना मला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. बाळाजी बोटं वर करी. व्यापारी बोटं वर करीत. माणगावचा एक जाडा व्यापारी भुवयांनी बोलत होता. मासे हातोहात उतरत होते, खाली टाकायचे नाहीत, ठेवायचे. निजलेलं लेकरू ठेवावं तसे. भांडण झालं तेही मुकाट झालं. दोघींनी पदर खोचून, बोटं नाचवून, एकमेकींच्या सात पिढ्या हवेत काढल्या, आणि तोंडातून हूं की चूं नाही. वर घिरट्या घालणारे समुद्रपक्षी गोंधळून गेले. त्यांना वाटलं असणार, खाली माणसं नाहीतच.

आणि चांगदेवला हसू आलं.

मी पाहिलं तर त्याचा डावा गाल उडत होता. उभा कोळीवाडा त्याच्यासारखा झाला होता; सगळे बोटांनी, डोळ्यांनी बोलत होते, आणि एकालाही ते धड जमत नव्हतं. त्या सगळ्यांत तरबेज असा तो एकटाच. त्याने आधी दाबून धरलं. मी त्याचा हात दाबला, डोळे वटारले. त्यामुळे त्याला आणखी आलं. आणि मग तो हसला, मोठ्याने, फुटक्या आवाजात, अडल्या इंजिनाने पहिला धक्का घ्यावा तसा. झटक्यानंतर त्याच्या गळ्यातून एवढा आवाज कधी निघाला नव्हता. मी त्याच्या तोंडावर हात ठेवायला गेलो आणि मला ठेववेना. ओट्यावर नीराबाई ताडकन उठली, आणि दाराची कडी धरून, दार न उघडता, तशीच उभी राहिली.

पलीकडे काय झालं ते प्राप्तीने मग सांगितलं. पहारेकऱ्याने परीक्षा थांबवली आणि आवाज कुणाचा म्हणून विचारलं. ती म्हणाली, माझे वडील. आजारी आहेत, खाटेवरून उठत नाहीत. हसतायत. का हसतायत ते विचारलं, तर म्हणाली की मलाही माहीत नाही. गेल्या दीड वर्षात हसले नव्हते. पहारेकऱ्याने तिला कॅमेरा खोलीभर फिरवायला लावला. भिंती दाखव, टेबलाखाली दाखव, दार दाखव. त्याने एकेक कोपरा पाहिला. शेवटी म्हणाला, पुढे चालू दे.

पण तिची तार तुटली होती. हातातल्या रुग्णाचं काय चाललं होतं, काही आठवेना. म्हणून तिने तो रुग्ण पहिल्यापासून पुन्हा वाचला. आणि तिला दिसलं, की घाईत तिने हृदय वर ठेवलंय. नर्स त्या माणसाकडे जात होती ती पोटावरच्या टाक्यांसाठी. तिने ते खाली-वर केलं. मग मागचे रुग्णही परत काढले. आणखी एकदोघांत मोठा मासा वर होता. तेही तिने बदलले, वेळ संपेपर्यंत.

मधलं दार उघडलं तेव्हा खिडकीतलं ऊन खाटेच्या पायथ्याला आलं होतं. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. चेहऱ्यावरून काही कळेना. मला तर विचारायलाही जमेना; एवढा वेळ बंद राहिलेलं तोंड कुठून उघडायचं तेच सुचेना. ती माझ्या बाजूने आली, खाटेच्या कडेला बसली, आणि आधी चांगदेवचा पाय नीट उशीवर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "पास झाले. मी इथंच हाय."

चांगदेवने तिचं मनगट धरलं. मी बाहेर निघून गेलो. ओट्यावर नीराबाई आणि तिच्यामागे सगळी आळी उभी होती. मी मान डोलावली फक्त. त्यानंतर कोळीवाड्यात जो आवाज झाला त्याने पलीकडे किल्ल्यावरचे दगड हलले असं कोर्लईचे लोक सांगतात. आमचे कोंबडेही त्यांनी म्हणे त्या गोंधळात परत केलेच नाहीत.

आता संध्याकाळी मी गेलो की प्राप्ती बापाच्या खाटेशी टेबल लावून कामाला बसलेली असते. आपल्याकडे दिवेलागण, तेव्हा तिकडे सकाळ होत असते. परवा ती एक रुग्ण वाचताना मध्येच थांबली, आणि तिच्या तोंडावर काहीतरी आलं, हसू म्हणावं की दुसरं काही, मला ठरवता आलं नाही. मी विचारलं, कोण गं? बाई की पुरुष? काय झालंय?

"ते सांगता येत न्हाय, आबा. नियम हाय."

मी म्हटलं, मी कुठं अमेरिकेत जाऊन सांगतोय. थोडं तरी सांग. पडली का? कशाने पडली? एकटीच असते का घरी?

तिने मान हलवली आणि नंबर लावायला लागली. सगळ्यांच्या वर एक, मग त्याच्याखाली दुसरा. चांगदेव पडल्या पडल्या तिच्या बोटांकडे बघत होता. मीही बघत बसलो. शेवटचा नंबर लावून तिने ते पान पुढे पाठवून दिलं, आणि मला वाटलं, आता तिकडे कुठल्यातरी गावात, ज्याचं नाव मला कधी कळणार नाही, एक नर्स पिशवी उचलून घराबाहेर पडली असेल. कुणीतरी तिची गाडी ओळखून सावकाश उठत असेल.